पळसाच्या पानातल्या जोड्या

बाजारात मला आजवर कोणी फसवलेलं नाही. हे मी लग्नाआधीपासून सांगत आले आणि आजही सांगते, कटुर्लीच्या गड्ड्यांची गोष्ट तेवढी वगळून. त्या वेळीही मला दुसऱ्या कोणी फसवलं नव्हतं. माझी मीच फसले, तेही भर बाजारात, चार बायकांसमोर आणि मोठ्या फुशारकीनं.

माझं माहेर तळोद्याच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे श्रावणात बांधाबांधावर कटुर्लीचे, म्हणजे कर्टोलीचे, वेल चढलेले असत. परकराचा ओचा करून आम्ही पोरी ती हिरवी काटेरी फळं तोडून आणायचो आणि आई लसूण-मिरची घालून परतायची. सासर मात्र तापीकाठी, शहाद्याच्या अंगाला. काळीभोर जमीन, कापूस, केळी, ऊस. बांध इतके अरुंद की चालताना एकामागे एकच पाऊल टाकता यायचं. त्यावर वेलबिल कुठला उगवायला! पहिले दोन श्रावण मी कटुर्ल्यावाचून काढले. तिसऱ्या वर्षी मात्र डोक्यात घेतलं, की परसात वेल लावायचाच.

परसात विहिरीजवळ, न्हाणीचं पाणी जिरायचं तिथे, एक कोपरा मोकळा होता. त्यावर सासूबाईंचा डोळा होता. त्यांना तिथे म्हैस बांधायची होती. म्हैस अजून घ्यायचीच होती, पण तिचा खुंटा त्यांनी आधीच कोपऱ्याच्या मधोमध ठोकून ठेवला होता. सासूबाई बोलायच्या कमी आणि बोललेल्या शब्दापासून हलायच्या नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी निघताना मी धीर करून तो कोपरा मागितला. त्या बराच वेळ डाळ निवडत राहिल्या.

"पोयालोंग दिधा तुले," शेवटी म्हणाल्या. "पोयाना दिन तठली भाजी ताटमा उनी ते कोपरा तुन्हा. नही उनी ते मन्ही म्हैस."

आखाजी ते पोळा, म्हणजे हातात जेमतेम चार महिने. पण मी हरखून गेले. त्या घरात सगळं आमचं होतं. माझं म्हणावं असं लग्नातल्या पेटीपलीकडे काही नव्हतं. मला तो कोपरा हवा होता आणि तो माझा म्हणून हवा होता, हे सांगायला आता या वयात लाज कसली?

आखाजीचे झोके खेळून झाले आणि हे मला न्यायला बैलगाडी घेऊन आले. हे तेव्हा इतके बारीक होते की माहेरच्या बायका विचारायच्या, "जावई, केळी तुम्ही खातात का नुसती इकतात?" हे हसून मान खाली घालायचे. परतताना तळोद्याचा बाजार लागला, आणि तिथे लिंबाखाली मला एक डोकरी, म्हणजे म्हातारी, दिसली.

ती डोंगरातून उतरलेली होती. समोर फडक्यावर डिंक, मुळ्या आणि पळसाच्या पानात गुंडाळून वाखानं बांधलेल्या पुड्या होत्या. मी विचारलं, "काय शे ह्यामा?" ती म्हणाली, "कटुर्लाना गड्डा." मी तिथेच उडी मारायची बाकी राहिले! फळं बाजारात येतात हे माहीत होतं, पण लावायला जिवंत गड्डे मिळतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. फतकल मारून बसले आणि एक पुडी उघडली. आत एक गड्डा चांगला मुठीएवढा आणि दुसरा बोटाएवढा, सुकल्यासारखा. दुसरी उघडली, तिच्यातही तेच.

आता मला बाजार कळत होता ना! वर चांगले आंबे आणि खाली डागी, हे मी लहानपणापासून बघत आले होते. म्हटलं, ही डोकरीही त्यातलीच.

"हाई बारीक कसाले? माले मोठलाच दे."

"जोडी शे, माय," ती म्हणाली. "जोडी नको सोडू."

"तू माले बाजार शिकाडस का?"

मागून हे हळूच म्हणाले, "ती सांगी ऱ्हायनी ते आयक ना." मी मागे वळून असं पाहिलं की ते बैलांकडे निघून गेले. डोंगरातल्या लोकांना तेव्हा पैशापेक्षा मिठाची गरज जास्त असायची. पुडीमागे ओंजळभर मीठ ठरलं. मी सात ओंजळी मीठ मोजलं, सातही पुड्या सोडल्या आणि सात गलेलठ्ठ गड्डे वेचून घेतले. आजूबाजूच्या बायका कौतुकानं बघत होत्या. डोकरी भांडली नाही. उरलेले सात बारीक गड्डे तिनं पदराच्या टोकाला बांधले आणि म्हणाली, "तुन्ही मर्जी." मी गाडीत राणीसारखी चढले.

पाऊस झाला आणि आठव्या दिवशी पहिला कोंब वर आला. जात्यावरचं दळण तसंच टाकून मी तो दिवसातून दहा वेळा बघून यायची. सातही उगवले. मी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा मांडव केला, तो पंधरवड्यात झाकून गेला, आणि मग एका तिन्हीसांजेला पिवळी फुलं उमलली. प्रत्येक फुलाखाली एक इवलंसं काटेरी बोंड होतं. चाळीसपर्यंत मोजली आणि पुढे मोजवेना, इतका आनंद झाला. सासूबाईंना हाताला धरून दाखवायला नेलं. त्यांनी वेल पाहिले, खुंटा पाहिला आणि त्या आत गेल्या.

चार दिवसांत सगळी बोंडं पिवळी पडून गळाली. नवी आली, तीही गळाली. रोज सकाळी मी मांडवाखाली झाडू मारायची आणि कोणाला दिसायच्या आत कचरा उकिरड्यावर टाकायची. पण शेजारणीचे डोळे कुठे झाकणार? "वांझ येल शेत ह्या," ती कुंपणावरून म्हणाली. "उपटी टाक." मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नागपंचमी झाली आणि सासूबाईंनी ह्यांना तळोद्याच्या बाजारातून म्हैस आणायला सांगितलं. मी म्हटलं, "मी बी येस." त्यांनी विचारलं, "म्हैस देखाले?" मी "हा" म्हटलं आणि ओल्या फडक्यात फुलांसकट एक वेल गुंडाळून गाडीत बसले.

डोकरी त्याच लिंबाखाली बसली होती आणि तिच्यासमोर कटुर्ल्यांचा हा एवढा ढीग! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वेल तिच्यापुढे टाकला. "तुन्हा गड्डा वांझ निंघनात!"

तिनं फूल उलटं केलं, खालचं बोंड बोटांनी दाबून पाहिलं आणि हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. "बठ्ठ्या बाया शेत ह्या," ती म्हणाली. "माणूस कोठे शे?" आणि ह्यांच्याकडे बोट दाखवून, "तो बारीक व्हता ना, असा? तोच माणूस व्हता!"

आजूबाजूच्या बायका पोट धरून हसल्या. हे घाईघाईनं एका म्हशीचे दात तपासायला लागले. माझ्या डोक्यात मात्र हळूहळू उजेड पडला. कटुर्लीचा नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. मादीचा गड्डा जाड, नराचा बारीक. नराच्या फुलाखाली बोंड नसतं, पण त्याचं फूल मादीच्या फुलाला लागल्याशिवाय बोंड टिकत नाही. म्हणून तर ती जोडी बांधायची. आणि मी शहाणीनं सात जोड्या सोडल्या होत्या.

शरमेनं माझे कान तापले. पण खरं सांगू? शरमेपेक्षा आनंद मोठा होता. माझे वेल वांझ नव्हते! मी तिचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "मंग ते सात कोठे शेत?"

"मन्ह्या झोपडीना कुडले लायी दिधात. तुटेल जोडी कोण लेस?"

झोपडी होती वर, दोन डोंगर पलीकडे. पण तिनं फडकं शेजारी बसलेल्या बाईवर सोपवलं आणि मला बाजारामागच्या नाल्यावर नेलं. काठाच्या झुडपांवर कटुर्लीचे वेल होते. कळ्यांनी भरलेल्या नरवेलीच्या पाच-सहा फांद्या तिनं कापून दिल्या. पाण्यात ठेवल्या तर दुसऱ्या दिवसापासून तीन सांजा उमलतील, तेवढ्यात फूल फुलाला लावायचं, असं तिनं दोनदा सांगितलं. मग एक बारीक गड्डा वेलासकट, मातीसकट खणून दिला, पुढच्या सालासाठी. आणि या सगळ्याचं दुप्पट मीठ मागितलं. मी एका शब्दानं घासाघीस केली नाही. हे आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

रात्र माहेरी काढून दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी पोचलो. गाडीमागे म्हैस आणि गाडीत मी, फांद्या ठेवलेलं पाण्याचं मडकं पोटाशी धरून. सासूबाईंनी म्हशीला कुंकू लावलं, पायावर पाणी घातलं आणि तिला सरळ परसाकडे वळवलं.

"पोया उना का?" मी विचारलं.

त्या थांबल्या. म्हैस मागे फिरवली आणि अंगणात बांधली.

आणि त्याच दुपारी मला कावळा शिवला! आता तीन दिवस बाजूला बसायचं. स्वयंपाकघर नाही, देवघर नाही, वेलांवर तर सावलीही पडू द्यायची नाही. फुलंही तीनच दिवस टिकणार. मी पडवीत बसून ढसाढसा रडले. शेवटी ह्यांना लांबूनच सगळं समजावलं. सांजेला मडकं घेऊन हे मांडवाखाली गेले. पण नांगर धरणारा हात तो! पहिल्याच झटक्यात वेलाचा शेंडा कडकन मोडला आणि मी पडवीतून किंचाळले.

सासूबाई विहिरीजवळून सगळं बघत होत्या. आणखी दोन सांजा नुसतं गप्प बसायचं होतं, की कोपरा त्यांचा. त्यांनी हात पुसले आणि पुढे आल्या.

"सरक," त्या ह्यांना म्हणाल्या. "बैलना हात शेत तुन्हा."

मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणता फूलले लावानं?"

"जेन्हा खाले बोंड शे ना, तेले!" मी पडवीतून ओरडले. "हळूच! नुसतं टेकाडा!"

पहिल्या सांजेला त्यांनी अकरा फुलं केली. दुसऱ्या सांजेला फुलं उमलायच्या आधीच त्या मांडवाखाली पाट टाकून बसल्या होत्या. तिसऱ्या सांजेला उजेड कमी पडला, तेव्हा ह्यांना कंदील धरून उभं केलं आणि कंदील हलला म्हणून दोनदा झापलं. मी लांबून "त्या डाव्या अंगले! पानाखाले!" करत होते आणि त्या "दिसस माले, दिसस," म्हणत होत्या. सासू-सुनेनं एवढं बोलायची ती आमची पहिलीच वेळ.

चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनीच परसात धावले. बोंडं पिवळी पडली नव्हती. ती फुगली होती, हिरवीगार, काटे ताठ! सासूबाई माझ्या आधीच तिथे होत्या.

"छत्तीस शेत," त्या म्हणाल्या. "येक गळनं."

पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीशेजारी ताटात कटुर्लीची भाजी होती. मी सासूबाईंच्या पहिल्या घासाकडे बघत उभी राहिले. त्यांनी घास खाल्ला, सावकाश चावला.

"मीठ कमी शे," म्हणाल्या आणि पुन्हा भाजी वाढून घेतली.

बैल ओवाळून झाले. सगळे वेशीकडे गेले आणि मी भांडी आवरायला परसात आले. सासूबाई कोपऱ्यात वाकल्या होत्या. नाल्यावरून आणलेला तो बारीक गड्डा मी फुटक्या मडक्यात जगवत ठेवला होता. म्हशीच्या खुंट्याच्या मुळाशी त्यांनी खड्डा केला होता, त्यात तो गड्डा लावला होता आणि त्याचा दोऱ्यासारखा वेल खुंट्याभोवती गुंडाळत होत्या.

"ह्या बारीकले आधार जोयजे," त्या म्हणाल्या. "आपला कोपरामा खुंटा रिकामाच शे."

त्या 'आपला' म्हणाल्या. महिन्याभरापूर्वी मी या शब्दावर भांडले असते. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूला मिठी मारायची रीत आमच्याकडे नव्हती. म्हणून मी अंगणात गेले आणि म्हशीला कडब्याची एक पेंढी जास्त टाकली.