धाकटीच्या पानातला एक परिच्छेद

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. घर एक, स्वयंपाकघर एक, आणि थोरलीच्या दुर्दैवाने आता ऑफिसही एक. एका विद्यापीठाच्या ऑनलाइन विभागात थोरली कितीतरी वर्षं अभ्यासक्रमांची माहिती लिहीत होती. घरबसल्या शिकू पाहणारा माणूस वेबसाइटवर येतो, एखाद्या कोर्सवर बोट ठेवतो, आणि मग जे पान उघडतं ते थोरलीचं. कोर्स कशाचा, किती दिवसांचा, करून काय हाती लागेल, हे सगळं त्या पानावर. ते वाचून माणूस एकतर प्रवेश घेतो, नाहीतर पान बंद करून दुसरीकडे जातो. बहुतेक जण दुसरीकडे जात, पण त्याचा दोष आजवर कोणी थोरलीला दिला नव्हता.

तिचं प्रत्येक पान ‘आजच्या गतिमान युगात’ असं सुरू व्हायचं. पाठोपाठ ‘सर्वांगीण विकास’, मग ‘अनुभवी प्राध्यापकवृंद’ आणि शेवटी ‘उज्ज्वल भवितव्य’. कोर्स संगणकाचा असो की बागकामाचा, युग आपलं गतिमानच. वाचणाऱ्याला झोप आली तरी शुद्धलेखनाची एक चूक सापडायची नाही, आणि थोरलीला याचा भारी अभिमान.

धाकटीला तिथे चिकटवलं ते थोरलीच्याच नवऱ्याच्या सांगण्यावरून. “घरात बसून कंटाळते बिचारी, तुझ्याकडे बघ ना काही,” असं तो म्हणाला आणि थोरलीने मोठ्या मनाचा आव आणून शब्द टाकला. ही आपल्या हाताखाली राहील, पदोपदी आपल्याला विचारत बसेल, असा तिचा अंदाज होता. धाकटी विचारायची, पण भलत्यांनाच. कोर्स करून बाहेर पडलेल्या लोकांना ती फोन लावायची. “तुम्हाला सगळ्यात जड काय गेलं हो?” असं विचारून कान देऊन ऐकायची आणि मग लिहायची, ‘आकड्यांची भीती वाटते? पहिला महिना नुसत्या बेरीज-वजाबाकीचा आहे.’ अहो, हे काय विद्यापीठाचं लिहिणं झालं? पण संचालकबाईंनी ते मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं, आणि त्या दिवसापासून थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना.

मग धाकटीचं सगळंच डोळ्यात खुपायला लागलं. तिचं केसात पेन्सिल खोचणं, मोठ्याने हसणं, “ताई, जरा हे बघता का?” म्हणत खुर्ची जवळ ओढणं. घरी सासरे म्हणाले, “आज चहा झकास झालाय,” आणि चहा धाकटीने केलाय हे कळल्यावर थोरलीने आपला कप अर्धा तसाच ठेवला. चहा खरोखरच झकास होता.

त्यातच लेखन विभागाचे प्रमुख निवृत्त झाले. संचालकबाईंनी दोघींना बोलावून घेतलं. “एकेक पडेल कोर्स देते,” त्या म्हणाल्या. “कोणी फिरकत नाही अशातला. जिच्या पानाने माणसं येतील, ती प्रमुख.” थोरलीच्या वाट्याला व्यवस्थापनाची पदविका आली, धाकटीच्या वाट्याला शिक्षण अर्धवट सुटलेल्यांसाठीची पदवी. थोरलीला ती जागा हवी होती, अगदी मनापासून हवी होती. उभी हयात दुसऱ्यांच्या हाताखाली गेली होती. आता दिवसभर धाकटीच्या हाताखाली राबायचं आणि संध्याकाळी घरी येऊन तिच्याच शेजारी उभं राहून पोळ्या लाटायच्या, या कल्पनेनेच तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ऑफिसचा एक नियम होता. कोणाचंही पान वेबसाइटवर चढण्याआधी त्यावरून शेवटची नजर थोरलीने फिरवायची. धाकटीचं पान तिच्याकडे आलं तेव्हा जेवणाची सुट्टी होती आणि खोलीत कोणी नव्हतं. थोरलीने वाचलं. पान चांगलं होतं. मेलं, चांगलंच होतं. ‘जमेल तेव्हा शिका, वयाची अट नाही, आम्ही सोबत आहोत.’ हे वाचून कोण येणार नाही? मग थोरलीने ठरवलं की येणाऱ्याला दारातच घाबरवायचं. एकदा चढलेलं पान ऑफिसात पुन्हा कोणी वाचत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने दातओठ खात खाली एक परिच्छेद घातला.

‘ही पदवी सोपी आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. घरातले सगळे जेवून टीव्हीसमोर बसतील, तेव्हा तुम्ही ओट्यावरची भांडी बाजूला सारून पुस्तक उघडाल. कोणी शाबासकी देणार नाही. आता या वयात कशाला, असं तुमचीच माणसं विचारतील. पहिल्या परीक्षेआधी सगळं सोडून द्यावंसं वाटेल. हे सोसणार नसेल तर कृपा करून येऊ नका.’

एका दमात लिहिलं, कुठे शब्द शोधावा लागला नाही. लागणार कसा? लग्नानंतर तिने स्वतःची पदवी अशीच घेतली होती. निकाल लागला त्या दिवशी नवरा “बरं झालं” म्हणाला आणि पुन्हा बातम्या बघायला लागला. पण लिहिताना तिच्या मनात यातलं काही नव्हतं. धाकटीचं पान कसं आपटतं, एवढंच होतं. तिने पान वर चढवून टाकलं.

आणि फोन सुरू झाले. “हे जिने लिहिलंय तिच्याशी मला बोलायचंय,” म्हणून बायका हटून बसायला लागल्या. एक शिंपीकाम करणारी तर फोनवर रडलीच. “बाई माझ्या घरात डोकावून गेलीय की काय?” म्हणाली आणि त्याच दिवशी प्रवेश घेतला. पडेल पदवीच्या जागा भरल्या आणि वर प्रतीक्षायादी लागली. व्यवस्थापनाच्या पदविकेचं युग तेवढं गतिमान राहिलं.

जो तो धाकटीचं कौतुक करत होता आणि थोरली मूग गिळून बसली होती. ते माझं आहे म्हणावं, तर तिच्या पानात गुपचूप का घातलं हे सांगावं लागणार. आजवर ती धाकटीच्या लिखाणावर जळत होती, आता धाकटीच्या नावावर खपलेल्या स्वतःच्याच लिखाणावर जळायची पाळी आली होती.

मीटिंगमध्ये संचालकबाईंनी तोच परिच्छेद वाचून दाखवला आणि विचारलं, “आता प्रमुख कोण, हे वेगळं सांगायला हवं का?”

धाकटी उठून उभी राहिली. “मॅडम, ते माझं नाही. ताईंचं आहे.”

आता ही सगळ्यांसमोर आपले वाभाडे काढणार, हे थोरलीला दिसायला लागलं.

“यांचं?” संचालकबाई म्हणाल्या. “मग तुझ्या पानात कसं आलं?”

“मीच म्हटलं होतं ताईंना. माझं पान फार गुळमुळीत झालंय, जरा दम भरा त्यात.” धाकटीने डोळ्याची पापणीही लववली नाही.

थोरली प्रमुख झाली. टाळ्या वाजल्या, धाकटीने सगळ्यात जोरात वाजवल्या. संध्याकाळी दोघी जिना उतरत असताना थोरलीला राहवलं नाही.

“खोटं कशाला बोललीस?”

“मग काय खरं सांगायला हवं होतं?”

थोरलीने दुसरंच विचारलं, “पण माझं आहे हे तुला कसं कळलं?”

“ह्यांनी सांगितलं होतं कधीतरी. वहिनी ओट्यावरची भांडी सारून अभ्यास करायची म्हणून. त्यांना अजून आठवतं.”

दिराच्या लक्षात होतं तर. थोरलीला मनापासून लाज वाटली, आणि माफी मागायला तिने तोंड उघडलं.

“पुढचं पान नर्सिंगच्या कोर्सचं आहे, ताई,” धाकटी दोन पायऱ्या खालून म्हणाली. “त्यावरही थोडा राग काढा माझा. तोही कोर्स भरून जाईल.”

थोरलीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. जागा मिळाली होती, लाज वाटत होती, डोळेही भरून आले होते, पण मन मात्र एकाच गोष्टीवर जळत होतं. इतकं नेमकं हिला सुचतं कसं?