जगदौऱ्यातलं दोनशे चौदा नंबरचं गाणं

आमच्या चर्चच्या मंडळीत गाण्याला नाव नसतं, नंबर असतो. रविवारी उपासनेत कुणीतरी मागच्या बाकावरून "एकशे सात!" म्हणतं, पानं फडफडतात, पेटीवर सूर लागतो आणि सगळे सुरू. गाण्याची पहिली ओळ विचारली तर आमच्या अर्ध्या बायका गोंधळतील, पण नंबर विचारा, झोपेत सांगतील. गीतपुस्तकातल्या दोनशे चौदा नंबरच्या गाण्याला माझ्या बाबांनी चाल लावली आहे. पुस्तकात तसं कुठे छापलेलं नाही. पण नागपुरात ते गाणं त्याच चालीवर म्हणतात, संथ, भजनी ठेक्यात, आणि पेटीवर बाबाच असतात. चाळीसेक वर्षं तरी.

गेल्या वर्षी बाबांची बोटं आखडायला लागली. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी फोटो काढले, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की अजून सहा-आठ महिने वाजवतील, मग कठीण आहे. बाबांना न सांगताच कळलं होतं.

त्याच सुमारास आमच्या कमिटीच्या अध्यक्षांना परदेशातून एक ईमेल आली. तिकडचा एक ख्रिस्ती रॉक बँड जगदौऱ्यावर निघाला होता आणि प्रभूनं त्यांच्या हृदयावर नागपूर हे नाव ठेवलं होतं. आता प्रभूला एवढ्या मोठ्या जगात नागपूरच का सापडावं, हे अध्यक्षांनी विचारलं नाही. ते एकदम हवेत. "इंटरनॅशनल हाय गा, इंटरनॅशनल!" म्हणत ते घरोघरी सांगत फिरले. पुढे बँडवाल्यांच्या टीशर्टच्या पाठीवर मी जगदौऱ्याची यादी वाचली. एकूण पाच गावं. पहिली दोन त्यांच्याच देशातली, एकमेकांना लागून. मग काठमांडू, रायपूर आणि नागपूर. असा जगदौरा तर आमच्या गल्लीतला ट्रकवालाही करतो, बिचारा टीशर्ट छापत नाही एवढंच.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्याकडे दुभाषी म्हणजे वक्त्याच्या शेजारी उभं राहून वाक्यामागून वाक्य मराठीत सांगायचं. तो हात वर करेल तर आपणही करायचा, तो ओरडला तर आपणही ओरडायचं. मी हो म्हणताना एकच अट घातली. कार्यक्रमाची सुरुवात दोनशे चौदानं होईल, पेटीवर बाबा, आणि पेटीला वेगळा माईक. एवढी माणसं एका ठिकाणी बसून बाबांची चाल त्यांच्याच हातून ऐकतील, अशी संधी पुन्हा येणार नव्हती. अध्यक्षांनी माझा हात हातात घेऊन शब्द दिला. बाबांना सांगितलं तेव्हा ते "बघू गा" एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात बोटं बुडवून बसायला लागले. महिनाभर तो कार्यक्रम चालला. सातव्या सुरावर करंगळी पोचत नव्हती, तर त्यांनी बोटांची मांडणीच बदलली. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

बँड आला. पाच जण. फाटक्या पँटी, हातावर वधस्तंभ गोंदलेले. मुख्य गायक म्हणजे चाळिशीतला उंच माणूस, डोळ्यांत कायम पाणी. प्रभू त्याच्याशी फार बोलायचा. नाश्त्याला काय खावं हेही सांगायचा. पहिल्या दिवशी बहुतेक प्रभूनंच तर्री-पोहे सांगितले असावेत, कारण आम्ही नको नको म्हणत असताना त्यानं दोनदा झणझणीत तर्री घेतली. मग तासभर नाक पुसत होता आणि म्हणत होता की या शहरात पवित्र आत्मा फार जवळ जाणवतो. कळमन्याच्या बाजारातून संत्र्यांच्या दोन पेट्या खास आणल्या होत्या, त्यांवर त्याचे पुढचे दोन दिवस निघाले.

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर, डिसेंबरातल्या शनिवारी, संध्याकाळी पाचला. पोलिसांची परवानगी साडेआठपर्यंत. बिछायतवाल्यानं मांडव छान घातला होता, सतरंज्या, खुर्च्या, एकीकडे बायका, दुसरीकडे माणसं, आमच्या नेहमीच्या पद्धतीनं. बाबा चार वाजताच येऊन पहिल्या रांगेत बसले. काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं, पायाशी पेटी. पाच वाजले, बँड तपासणी करून राहिला होता. "चेक, चेक" म्हणत एक जण ढोल बडवत होता. सहा वाजले, चेक. साडेसहाला मी अध्यक्षांना गाठलं. ते म्हणाले, "उशीर झाला ना गा, सुरुवातीले नको. मधात घेऊ पेटीमास्तरले." मी बाबांना सांगितलं, मधात. बाबा म्हणाले, "बरं." आणि बोटं कोटाच्या खिशात घातली, गार पडू नयेत म्हणून.

शेवटी एकदाचे दिवे गेले, धूर निघाला. पुढच्या दोन रांगा खोकायला लागल्या. गायक धुरातून पुढे आला आणि ओरडला, "वन, टू, थ्री, फोर!" झालं! बायकांच्या बाजूला एकदम पुस्तकं उघडली. माझी मोठी मावशी पहिल्याच रांगेत होती. ती शेजारणीला ओरडून विचारते, "किती म्हणला वं? बाराशे चौतीस? आपल्या पुस्तकात सातशेच्या वर नाही ना वं!" गाणं संपेपर्यंत ती शोधत होती. त्या गाण्यात एकच ओळ होती, तीच त्यांनी वीसेक वेळा म्हटली, त्यामुळे मावशीचं फार काही बुडालं नाही.

मग गायकानं हॉटेलातल्या वेटरकडून पाठ केलेलं मराठी काढलं. छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी तुमच्यावर प्रेम करून राहिलो गा!" माणसांनी टाळ्या पिटल्या. आमच्याकडे गडीमाणसाला गा म्हणतात, बाईला वं. बायकांमधून कुणीतरी म्हणालं, "गा म्हणते म्हणजे माणसांवरच करून राहिला. आमच्यावर नाही वाटते!" एवढं हसू उसळलं की गायकाला वाटलं आपण जिंकलं.

पुढे त्यानं मला शेजारी उभं केलं आणि आपली साक्ष, म्हणजे प्रभू कसा भेटला ते, सांगायला लागला. तो दारूत बुडाला होता, हरवला होता, मेला होता. मीही मराठीत बुडालो, हरवलो, मेलो. माझे विद्यार्थी मागे उभे राहून मोबाईलवर माझं मरण टिपत होते. मग तो गुडघ्यांवर बसून ओरडला, तुम्हाला भूक लागली आहे का? आत्म्याची भूक म्हणायची होती त्याला, पण आत्मा हा शब्द त्यानं घातला नाही, तर मी कशाला घालू? मी विचारलं, "भूक लागली का?" आठ वाजायला आले होते, जेवणाची पाकिटं येतात म्हणून सांगितलं होतं आणि ती आली नव्हती. अख्खं मैदान एका आवाजात ओरडलं, "होऽऽ!" गायक ढसाढसा रडला. म्हणाला, जगात कुठेच अशी भूक पाहिली नाही.

मधेच कधीतरी मी खाली उतरून अध्यक्षांना म्हटलं, अर्धा कार्यक्रम झाला, आता बाबांना घ्या. ते मंचाकडे टक लावून बघत होते. "अरे, फ्लो तुटते गा. शेवटी घेऊ. पक्का." पेटीचा माईक कुठे आहे विचारलं, तर तो ढोलाला लावला होता. माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. बाबांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. ते ताठ बसले होते, गुडघ्यावर गीतपुस्तक. त्यांना पुस्तक लागत नाही.

सव्वाआठला गायक पुन्हा माईकशी आला. मी शेजारी. तो इंग्रजीत म्हणाला की वेळ संपत आली, आता शेवटचं गाणं, जे विमान तुमच्या भूमीवरून उडत असताना प्रभूनं मला दिलं. आणि माझ्याकडे बघून थांबला, भाषांतरासाठी.

मी माईक तोंडाशी नेला आणि मराठीत म्हणालो, "भाऊ म्हणून राहिले, शेवटी त्यांना आपल्या मंडळीचं गाणं ऐकायचं आहे. दोनशे चौदा! पेटीमास्तरांनी वर यावं!"

एवढा वेळ धूर खात बसलेली माणसं अशी ओरडली की मांडव हलला. पानं फडफडली. गायकानं डोळे मिटून दोन्ही हात पसरले. त्याला वाटलं, विमानाच्या गोष्टीनं लोक हेलावले. बाबा मात्र उठले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले, चांगले चार-पाच श्वास. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा हात केला. मग ते उठले, पेटी उचलली, कुणाला हात लावू दिला नाही, आणि एकेक पायरी चढत वर आले.

गायकानं कोट घातलेला म्हातारा लाकडी खोका घेऊन येताना पाहिला आणि मला कानात विचारलं, हे कोण? आता काय सांगू? मी म्हटलं, आमचे वडीलधारे आहेत, तुम्हाला आशीर्वाद द्यायला आले. तो उंच माणूस धाडकन बाबांसमोर गुडघे टेकून वाकला. बाबांच्या दोन्ही हातांत पेटी. खाली ठेवायची तर त्याच्या डोक्यावरच ठेवावी लागली असती. समोर मोबाईल लखलखले. शेवटी बाबांनी मान हलवून त्याला "असू द्या, असू द्या" म्हटलं. तो उठला, बाबांच्या गालाला गाल लावला आणि वळून ओरडला, "वन, टू, थ्री, फोर!"

आणि बँड सुटला. विमानातलं गाणं.

बाबा मंचावर मांडी घालून बसले, भाता सोडला आणि सूर धरला. समोर बायकांनी दोनशे चौदा सुरू केलंच होतं. मी माझा माईक पेटीपाशी धरला, पण साऊंडवाल्यानं तो बंद केला होता. बरोबरच होतं त्याचं, गाण्याला दुभाषी लागत नाही. मी गुडघ्यांवर बसून मेलेला माईक धरून राहिलो. पहिलं कडवं मला ऐकू आलं, कारण माझा कान पेटीपासून वीतभर होता. दुसऱ्या कडव्याला ढोल चढला. समोरची माणसं ढोलाच्या मागे ओढली गेली, दोनशे चौदाचे शब्द, चाल भलतीच, टाळ्या, उड्या. माझी मावशी सुद्धा! बाबा संथच वाजवत होते. बदललेल्या बोटांनी, करंगळी न अडकता, एक सूर चुकला नाही. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर त्यांनी हात काढला, भाता दाबून कडी लावली आणि गाणं संपेपर्यंत पेटीवर हात ठेवून बसून राहिले.

साडेआठला भोंगे बंद झाले. अध्यक्ष धावत वर आले, माझी पाठ थोपटून म्हणाले, "काय फिनिश केलं गा! आपलं गाणं त्याहिच्या म्युझिकवर! इंटरनॅशनल!" मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या चर्चचे पाळकसाहेब जवळच उभे होते, ते एकदम संत्र्यांच्या पेटीकडे वळले.

स्कूटरवर बाबा मागे, पेटी आमच्या दोघांच्या मधे. कॉटन मार्केटजवळच्या सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, माफ करा जी. मले वाटलं, त्यानं बोलावलं म्हटलं तर..."

"त्यानं बोलावलंच नव्हतं," बाबा म्हणाले.

मी मान वळवली. रागाच्या भरात मी साफ विसरलो होतो. बाबांनी नोकरीभर इंग्रजी पत्रं टाईप केली होती. विमान, भूमी, शेवटचं गाणं, सगळं त्यांना समोर बसून कळलं होतं. मी जे सांगितलं तेही कळलं होतं.

"तुमाले माहीत होतं? मग वर काहून आले जी?"

बाबांनी पेटी जरा सरकवून घेतली.

"तू माईकवर बोलून बसला होता ना," ते म्हणाले. "मी आलो नसतो, तर त्यानं तिथंच विचारलं असतं, काय झालं म्हणून. एवढ्या लोकांत, आपल्याच मंडळीत, तू खोटा पडला असता. आपलं गाणं वाजणार नाही, हे तर मले पायरी चढतानाच दिसून राहिलं होतं."