पंधरा दिवसांची भाकरी

स्वयंपाकघर मोडायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत जास्त घाई मलाच होती, हे आधी कबूल करते. सोलापुरातल्या आमच्या त्या घरात चुलीच्या खोलीला खिडकी नव्हती. धूर कौलांतून वाट शोधी आणि ती सापडेपर्यंत माझ्या डोळ्यांत मुक्काम करी. स्टोव्ह तेव्हा एखाद्याच घरी असे आणि त्यावरचं अन्न मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, चालत नसे. वैद्यांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, "बाई, असाच धूर खात राहिलात तर डोळे जातील."

माझी बहीण कुर्डुवाडीला रेल्वेच्या चाळीत राहायची. तिच्या चुलीवर धुराडं होतं. तिथं मी दोन दिवस स्वयंपाक केला आणि एकदाही पदर डोळ्यांना लावला नाही. परत आल्यापासून मी घरात एकच धोशा लावला. चार वर्षांनी मामंजी "बरं, काढू खिडकी" म्हणाले.

गवंड्यानं पंधरा दिवस मागितले. तेवढे दिवस घरात चूल नाही. दुसरी एखादी घाबरली असती, मला उलट चेव आला. मला माझ्या स्वयंपाकाचा गर्व होता, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे कडक भाकरीची रीत आहे. बाजरीची भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि चुलीपुढं निखाऱ्यांच्या धगीला उभी करून ठेवायची, पार वाळून पापडासारखी होईपर्यंत. ओल लागली नाही तर महिना-दोन महिने सहज टिकते. सहा दिवस मी थापत होते. पंधरा दिवसांपुरत्याच करायच्या होत्या, पण हात थांबेना. दुरड्या भरल्या, त्यांवर फडकी बांधली, शेंगांची चटणी कुटून बरण्या भरल्या. शेवटची भाकरी उतरवून चुलीला हळदकुंकू वाहिलं आणि ती मीच कुदळीनं फोडली. गवंडी हात लावायला तयार नव्हता. "तुमची चूल, तुमीच काढा की," म्हणाला.

पाच दिवसांत त्यानं भिंत फोडून खिडकी बसवली, गज लावले, जमीन चोपून दिली. मग मोहोळला कुणाचं तरी काम अर्धवट राहिलंय म्हणून जो गेला तो गेला. धुराडं आणि नवी चूल तशीच राहिली.

वीस दिवस झाले तेव्हा मी ह्यांच्या मागं लागले आणि ह्यांनी कसाबसा विषय वडिलांपुढं काढला. मामंजी ओसरीवर जेवत होते. दह्यात भाकरी चुरलेली, वर चटणी आणि तेलाची धार.

"भाकरी हाय, चटणी हाय. अडलंय कुटं?" ते म्हणाले. "लई ग्वाड लागतीया. सपू दे की, मग बोलवू गवंड्याला."

दारात उभ्या उभ्या माझ्या अंगाची लाही झाली. ही माणसं दोन दिवस उपाशी राहिली असती तर तिसऱ्या दिवशी गवंड्याला मानगूट धरून आणला असता. मी त्यांना उपाशी राहू दिलं नव्हतं, हीच माझी चूक.

दुपारी घरात कुणी नसताना मी तांब्याभर पाणी घेऊन दुरड्यांपाशी बसले. फडकं सोडलं. पाण्याचे दोन हबके मारले की झालं, दोन दिवसांत बुरशी धरणार. वरची भाकरी हातात घेतली. कुठं चीर नाही, कडा सगळीकडून सारखी. हात पुढं होईना. शेवटी तांब्यातलं पाणी मीच प्याले आणि फडकं पुन्हा घट्ट बांधलं. अन्न नासवायचं पाप नको म्हणून थांबले, असं मी पुढं कितीदा तरी स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं. माझ्या हातची भाकरी खराब निघाली असं कुणी म्हणू नये, एवढंच कारण होतं. त्या दुपारी मी फार रडले.

भाकरी संपायच्या आतच मामंजींच्या व्यापाराची शेंगांची पोती आली. "खोली रिकामीच हाय, चार दिस ऱ्हाऊ देत," ते म्हणाले. चूल नसलेल्या खोलीला स्वयंपाकघर तरी कोण म्हणणार? मी मागच्या पडवीत तीन दगड मांडले. वर बुटका पत्रा, धूर हलायचं नाव घेत नसे. चार दिवसांची चार वर्षं झाली. गवंडी मध्ये एकदा आला, तो त्या खोलीला भक्कम दार बसवायला. मी पुन्हा विषय काढला नाही. माझ्यात तेवढा जीवच उरला नव्हता.

मग एकदा करमाळ्याचे एक व्यापारी जेवायला आले. मामंजींनी त्यांना हौसेनं ती खोली दाखवली. "खिडकी काढली ते लई बरं झालं बगा. वारं खेळतंय, शेंगांना ओल धरत न्हाय."

दोघं पानावर बसले. मी पडवीतून गरम भाकरी आणली. तेव्हा मला समोरचं सगळं धुरकट दिसू लागलं होतं, पाहुण्यांचं ताट नेमकं कुठं आहे ते कळेना. डाव्या हातानं कड चाचपून मी भाकरी वाढली. पाहुण्यांनी एक घास खाल्ला आणि भाकरीची तारीफ केली.

मामंजी खूश झाले. "आमच्या सूनबाईचं असंच हाय," ते म्हणाले. "नुसतं तीन दगड द्या. तिचं काय अडत न्हाय."