पाच मिनिटांचा सायकलवीर

पाथरीच्या बाजाराच्या मैदानात मी एकदा सलग तीन तास सायकल चालवली. सायकल माझी नव्हती, गळ्यात पडलेले हार माझ्यासाठी आणलेले नव्हते, आणि सात दिवस अखंड सायकल चालवायचा पराक्रम ज्याच्या नावावर होता तो गडी तेव्हा मैदानाच्या भिंतीपलीकडं लोटा घेऊन बसला होता.

मुळापासून सांगतो. त्या काळी मी कचेरीत कारकून होतो. पोट असं, की टेबलाचा खण उघडायचा तर आधी खुर्ची मागं सरकवावी लागे. घरात बायको सुमन आणि सहा वर्षांची जुळी पोरं, नंदू आणि छबू. दोघंही बोलत नव्हती. हैदराबादला नेलं तेव्हा एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोन तास जमिनीवर बसून त्यांना नुसतं पाहिलं आणि 'ऑटिझम' असा शब्द सांगितला. तो मी चिठ्ठीवर लिहून आणला, पण पाथरीत त्याला गिऱ्हाईक नव्हतं! कुणी म्हणे दृष्ट, कुणी म्हणे बाहेरचं. शेतकी खात्यातल्या शेजाऱ्यांनी तर चिठ्ठी उलटीसुलटी करून निकालच दिला, "जस्त कमी पडलंय. कपाशीचं बी असंच होतंय."

छबूला मोठा आवाज सोसत नसे. कुकरची शिट्टी झाली, की कानावर हात ठेवायची आणि सुटायची. तीही चवड्यांवर! पायांचा आवाज नाही, धाप नाही, मागं वळून बघणं नाही. नंदूचं सगळं उलट. तो बसला की बसला. त्याला काहीतरी फिरणारं लागायचं. ताटली, डब्याचं झाकण, छताचा पंखा, काहीही. माणसाकडं मात्र तो बघत नसे. मी समोर बसून नाकाला नाक लावलं तरी माझ्या कानाजवळून पलीकडं कुठंतरी बघायचा. कचेरीत लोक माझ्याकडं बघून दोन्ही हात जोडत (त्यांना सातबारा हवा असे, मी नव्हे), आणि घरात पोटचा पोरगा सहा वर्षांत एकदाही बघत नव्हता. मला बाकी काही नको होतं. त्यानं एकदा बघावं, बस्स. ह्या एका गोष्टीसाठी मी कुठल्या कुठल्या देवांना काय काय कबूल करून बसलो होतो, ते सुमनला अजून माहीत नाही.

एक दिवस बसस्टँडवर भोंगा वाजला आणि छबू सुटली. मी मागं धावलो. तीस पावलं! तीस पावलांनंतर मी विजेच्या खांबाला मिठी मारली आणि तिथंच राहिलो. मेंढरं घेऊन चाललेल्या एका बाईनं काठी टाकून पोरीला उचललं आणि माझ्यापुढं आणून उभं केलं.

"ह्ये घ्या तुमची लेक. अन् सायेब, तुमाला बी धरू का?"

घरी सुमननं ऐकलं आणि ती पांढरी पडली. मग म्हणाली, "अहो, ती बोलायची तवा बोलंल. तुमी आधी पळायला शिका!"

शिकलो. खाकी हाफ पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि शिट्टी असा जामानिमा करून मी रोज सकाळी सहाला बाजाराच्या मैदानात जाऊ लागलो. (शिट्टी पहिल्याच दिवशी वाजवली, छबू पार मारुतीच्या देवळापर्यंत गेली, शिट्टी तिथल्याच विहिरीत टाकून आलो.) सुमन नळाच्या रांगेत असायची, म्हणून पोरं माझ्याबरोबर. छबू पुढं, मी मागं. तिला धरायचं, एवढंच ध्येय. दोन महिने झाले तरी मी फक्त तिची वेणी बघत होतो. पण खरं सांगतो, ती कशी पळायची! जमिनीला कळायचंही नाही की कुणी पाय ठेवला. बघता बघता मी पळायचं विसरायचो आणि नुसता उभा राहायचो. व्यायामाचं त्यामुळं बरंच नुकसान झालं.

अशातच मैदानात तो सायकलवीर आला. तेव्हा ही माणसं गावोगाव यायची. मैदानात चुन्यानं गोल आखायचा, मधे खांब, खांबावर भोंगा आणि सात दिवस पाय जमिनीला न लावता त्या गोलात सायकल फिरवायची. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, अंघोळसुद्धा सायकलवर! ह्याच्याबरोबर त्याचा मेव्हणा होता, माइकवाला. नंदूनं तो प्रकार बघितला, चुन्याच्या रेषेपाशी जाऊन बसला आणि तीन दिवस रोज बसला. जेवायला उचलून न्यावा लागे.

चौथ्या दिवशी सकाळी सातला मी हाफ पँटमध्ये धापा टाकत होतो. भोंग्याचं तोंड बाजारपेठेकडं होतं, म्हणून छबू त्याच्या पाठीमागं, चिंचेखाली, चिंचोके एका रेघेत मांडत बसली होती. तेवढ्यात मेव्हणा पळत आला. गावानं सायकलवीराला तीन दिवस प्रेमानं केळी, दूध, बासुंदी आणि भजी खाऊ घातली होती. ते प्रेम आता उलटलं होतं.

"सायेब, पाच मिंटं! फकस्त पाच! चाक थांबलं तर आमची लाज जाईल!"

"अरे पण मीच का?"

"बूट घातलेत की तुमी!"

माझी पात्रता एवढीच. पण मोह झाला, नाही म्हणत नाही. सायकलवीर डावीकडून उतरला, मी उजवीकडून चढलो, मेव्हणा मधे सायकल ढकलत राहिला, आणि सायकलवीर पोट धरून भिंतीपलीकडं दिसेनासा झाला. लगेच भोंगा गरजला, "मेहेरबान, कदरदान! सायकलवीराचे खुद्द गुरुजी मैदानात उतरले हायत!"

पाच मिनिटं झाली, दहा झाली. शिष्य काही परत येईना. मी वेग कमी केला, तर नंदू किंचाळला! कपाळ जमिनीवर आपटू लागला. मी घाबरून पायडल मारलं. तो गप्प. पुन्हा हळू केलं, पुन्हा किंकाळी. पायडल मारलं, गप्प. आणि मग मी पाहिलं. मी जिकडं जात होतो तिकडं त्याची मान वळत होती. मी पूर्वेला, मान पूर्वेला. मी पश्चिमेला, मान पश्चिमेला. डोळे मोठे, तोंड अर्धवट उघडं.

माझ्या अंगावर काटा आला. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं, बाजाराच्या मैदानात, दुसऱ्याच्या सायकलवर! आता कोण उतरतोय?

आठ वाजले, नऊ वाजले. शिष्य मधे एकदा डोकावला, माझ्याकडं बघून त्यानं कळवळून हात जोडले आणि तसाच परत पळाला. बायकांनी मला ओवाळलं. एका म्हाताऱ्यानं चालत्या सायकलला हात लावून नमस्कार केला. साडेनऊला मोठे साहेब दौऱ्यावर निघाले होते, त्यांची जीप मैदानाशी थांबली. मी सलाम ठोकला. फेरी पूर्ण करून आलो, पुन्हा ठोकला.

"काय चाललंय हे? कचेरी?"

"येतो साहेब!"

"रजेचा अर्ज कुठाय?"

तोवर मी पुढं गेलो होतो. "पुढच्या फेरीला सांगतो!" असं ओरडलो. पुढच्या फेरीला जीप नव्हती.

मग सुमन आली, हातात रिकामी कळशी तशीच.

"अहो, याड लागलंय का? उतरा!"

"नंदू बघायलाय!"

"काय?"

"माझ्याकडं बघायलाय! बघ तू!"

ती बघायला लागली. दोन फेऱ्या तिनं नुसतं त्याच्याकडं बघितलं. कळशी खाली ठेवली, त्याच्याजवळ बसली आणि पदर तोंडाला लावला. मला उतरा म्हणायचं तिनं सोडून दिलं.

गर्दी वाढली तसा मेव्हणा खुलला. जमलेल्यांनाही गुरुजींचं चरित्र ऐकू यावं म्हणून त्यानं भोंगा फिरवला. थेट चिंचेकडं! "गुरुजींनी हिमालयात..." एवढंच मला ऐकू आलं. छबूनं कानावर हात ठेवले आणि ती सुटली. मैदानाच्या कडेला रस्ता, आणि रस्त्यावर परभणीची एसटी वळण घेत होती.

"छबूऽऽ! अहो, धरा तिला!" सुमन ओरडली.

मी गोल सोडला. चुना, दगड, कोथिंबिरीची टोपली, सगळ्यांवरून सायकल घातली. मागून मेव्हणा पळत होता, "गुरुजी, रिंगणाच्या भायेर न्हाई! न्हाई ओ!" आणि मग माझा वेग बघून त्यानं मागं फिरून माइकवर सावरून घेतलं, "गुरुजी गावप्रदक्षिणेला निघाले हायत!" छबूची वेणी समोर होती. रोजच्यासारखीच. पण ह्या वेळी ती जवळ येत होती! एसटीनं करकचून ब्रेक मारला. मी डावा हात घातला आणि पोरीला कमरेतून उचलून पुढच्या दांडीवर घेतलं. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "गुरुजी, प्रदक्षिणा आतल्या रस्त्यानं करा की!"

मला त्याला उत्तर देता आलं असतं, कारण श्वास जागेवर होता. मी पळालो नव्हतो हे खरं, पण मला ती धरता आली होती. छबूनं डोकं माझ्या छातीला टेकवलं आणि चाकाच्या सुरात एकच सूर धरून गुणगुणायला लागली. ती अशी कुणाला टेकत नसे. मैदानापर्यंत मी ते ऐकत आलो, आणि वाटेत कुणी नारळ फोडला, कुणी हार घातला, ते मला नंतर लोकांनी सांगितलं.

गोलात शिरलो तेव्हा सायकलवीर तोंड धुऊन तयार होता. मी छबूला घेऊन उतरलो, तो चढला, चाक थांबलं नाही. माझे पाय मात्र थांबले. छबूला सुमनकडं दिलं आणि चुन्याच्या रेषेवरून मी अक्षरशः रांगत नंदूपर्यंत गेलो. गळ्यात हार होतेच. त्याच्यासमोर बसलो.

"नंदू! आलो बघ मी!"

नंदूनं माझ्या गालावर तळहात ठेवला आणि माझं तोंड बाजूला सारलं. दार लोटावं तसं. पलीकडून सायकल चालली होती, आणि त्याची मान तिच्यामागं वळत होती.

सुमनला आधी हसू फुटलं, मग रडू. "चाकाच्या आड आलात तुमी!"

तीन दिवस पोरगा त्या मिशाळ सायकलवीराकडं प्रेमानं बघत नसणार, एवढं तरी मला कळायला हवं होतं. नोकरीत दहा वर्षं कागद तपासले मी! पण उठायची ताकद नव्हती, म्हणून त्याच्या शेजारीच आडवा झालो, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. आणि मलाही दिसलं. चाक फिरत होतं, तारा विरघळून गेल्या होत्या, आणि त्यांच्यावर पडलेलं ऊन मात्र जागच्या जागी उभं होतं. सगळं गरगरतंय आणि उजेडाची एक तिरीप तेवढी हलत नाही. लहानपणापासून सायकलवर बसत आलो, हे कधी पाहिलं नव्हतं. पोरगा तीन दिवस हे बघत होता आणि आम्ही त्याला जेवायला उचलून नेत होतो. किती वेळ पडून होतो कुणास ठाऊक. नंदू माझ्याकडं बघत नव्हता, पण आम्ही दोघं एकाच ठिकाणी बघत होतो, आणि मला रडायला येत होतं.

महिन्याभरात मी एक जुनी सायकल घेतली आणि अंगणात स्टँडवर लावली. रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की तासभर पायडल मारायचं. छबू दांडीवर बसून गुणगुणायची, नंदू मागं बसायचा. माझं पोट उतरलं, लोक पथ्य विचारायला येऊ लागले. पण मी पाठमोरा. मागचं मला काय दिसणार?

"सुमन, बघायलाय का गं?"

"बघायलाय."

"कोणाकडं?"

"तुमी पायडल मारा."