झटके कमी झाले आणि स्नेहल झोपली

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म बाजूला ठेवली आणि ते माझ्या लेकीच्या, स्नेहलच्या गालांकडं बघत राहिले. नाकाच्या दोन्ही बाजूंना तिला बारीक लालसर पुटकुळ्या होत्या. वयात आलेल्या पोरींना येतात तशाच असतील, असं आम्ही समजत होतो. मग त्यांनी मला विचारलं, अंगावर कुठं पांढरे डाग आहेत का? पाठीवर होते, अगदी लहानपणापासून. लोक कोड म्हणतील, पुढं लग्नाला अडचण येईल, म्हणून मी ते कुणाला दाखवले नव्हते.

"ट्यूबरस स्क्लेरोसिस," ते म्हणाले.

स्नेहलचे वडील सणसवाडीला कंपनीत आहेत. इंग्रजी शब्दांची त्यांना सवय आहे, पण त्या दिवशी ते घाबरून बोलले, "टीबी हाय का, साहेब?"

टीबी नव्हता. या आजारात जनुकातच दोष असतो. त्यामुळं मेंदूत, कातडीत, मूत्रपिंडात बारीक गाठी होतात. त्या कॅन्सरच्या नसतात, पण मेंदूतल्या गाठींमुळं झटके येतात. स्नेहलला लहानपणी यायचे, मधे थांबले होते, बारावीनंतर पुन्हा सुरू झाले. गाठी एका जागी नव्हत्या, म्हणून ऑपरेशन होणार नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "हा आजार जाणार नाही. झटके कमी करणं, एवढंच आपल्या हातात आहे."

पुण्याहून आम्ही तिघं न्हावऱ्याला, आमच्या गावी परतलो.

तिच्या झटक्याला फोकल सीझर म्हणतात, म्हणजे मेंदूच्या एका भागातून उठणारा. बोलता बोलता नजर थिजायची, ओठ चावल्यासारखे हलायचे, उजवा हात ताठ व्हायचा. कधी तेवढ्यावर भागायचं, कधी ती कोसळायची. शिरूरला कॉलेजच्या जिन्यात पडली आणि पुढचा दात तुटला. व्हॅलप्रोएट आणि क्लोबाझाम अशा दोन गोळ्या चालू होत्या. दर वेळी डोस वाढायचा, थोडे दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच.

दौंडचा माझा भाऊ मोबाईलवर वाचत बसायचा. एक दिवस तो हेम्पच्या तेलाची बाटली घेऊन आला. बाटलीवर भांगेच्या पानाचं चित्र होतं. हेम्प म्हणजे भांगेच्याच जातीचं, पण नशा फार कमी असलेलं झाड. दुकानदारानं सांगितलं म्हणून आम्ही ते तिला चमच्यानं देत राहिलो. वाईट काही झालं नाही, चांगलंही काही झालं नाही. मग त्यानं दुसरी बाटली आणली, याच्यापेक्षा कडक म्हणून. तेव्हा मात्र स्नेहलचे वडील म्हणाले, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय थेंबही द्यायचा न्हाई.

डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून दोन्ही बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचली आणि आम्हाला समजावून सांगितलं. ते मी इथं लिहिते, कारण आमच्यासारखे आणखी कुणीतरी असणारच.

या झाडात कॅनाबिनॉइड नावाची शंभरावर द्रव्यं असतात. ती पानाफुलांच्या चिकात असतात, बियांत जवळजवळ नसतात. आमची पहिली बाटली बियांच्या तेलाची होती, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलासारखंच खायचं तेल. टीएचसी हे नशा आणणारं द्रव्य. सीबीडीनं नशा येत नाही, आणि स्नेहलच्या आजारातल्या झटक्यांवर ज्याचा उपयोग नीट तपासला गेलाय ते हेच. सीबीजी झाडात थोडंच असतं. सीबीएन हे टीएचसी जुनं झालं की तयार होतं, झोपेसाठी म्हणून विकतात. या दोघांचा झटक्यांवर काही भरवसा नाही. दुसऱ्या बाटलीत सगळंच मिसळलेलं होतं, टीएचसीसुद्धा. ते किती, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"एकाच उसाचा गूळ होतो आन् मळीची दारू पण होते," भाऊ हळूच म्हणाला. डॉक्टरांनी मान डोलावली.

मग त्यांनी स्वतः शुद्ध सीबीडीचं औषध लिहून दिलं. ते सिरिंजनं मोजून द्यायचं होतं, आधीच्या गोळ्या चालू ठेवून.

झटके खरंच कमी झाले. पण स्नेहल झोपायला लागली. भाकरीचा घास हातात धरून झोपायची. हाक मारली की डोळे उघडायची, ओळख नसल्यासारखं बघायची आणि मिटून घ्यायची. कॉलेज सुटलं. खरं सांगते, मला ती झोपलेली बरी वाटायची. झोपली की पडत नव्हती.

रक्ताच्या तपासणीत एसजीपीटी वाढलेलं निघालं, म्हणजे यकृताला त्रास होत होता. डॉक्टर म्हणाले, सीबीडीमुळं क्लोबाझाम अंगात साचतं, म्हणून एवढी झोप. व्हॅलप्रोएटबरोबर सीबीडी यकृतावर ताण आणतं. दोन्ही गोळ्या कमी केल्या. यकृत सुधारलं, झोप उतरली आणि झटके परत आले. पहिल्याइतके नाहीत, पण आले.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना म्हटलं, ती झोप आणणारी क्लोबाझामची गोळी पुन्हा वाढवा. स्नेहल शेजारीच बसली होती.

"नको सर," ती म्हणाली. "मी घरात हाय का न्हाई, हेच मला कळत नव्हतं. पडले तर पडले. पण मला जागं राहू द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं नाही, तिच्याशीच बोलले. पाण्याच्या कडेला एकटीनं जायचं नाही, गाडी चालवायची नाही. झटक्यात क्वचित श्वास थांबू शकतो, हेही लपवलं नाही. ते ऐकल्यापासून माझी झोप मोडली ती मोडलीच.

आता मूत्रपिंडाची सोनोग्राफी दर वर्षी असते, यकृताची तपासणी त्याहून लवकर. तुमच्या घरात हा आजार असेल तर एवढंच सांगते: बाटलीवरच्या पानावर विश्वास ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा आणि चालू गोळ्या मनानं सोडू नका. आम्हाला रागावण्याऐवजी समजावून सांगणारा डॉक्टर मिळाला, याचे उपकार मी विसरणार नाही.

स्नेहल पुन्हा कॉलेजला जाते. एसटी लांब जाईपर्यंत मी फाट्यावर उभी राहते. परवा हनुवटी खरचटून परत आली. शिरूरच्या स्टँडवर झटका आला होता, शेजारची बाई तिला कुशीवर वळवून जवळ बसून राहिली म्हणे. मी जखम पुसायला घेतली.

"आई, आज मला झटका यायच्या आधी कळलं," ती म्हणाली. "मी खाली बसून घेतलं."

मी कापूस बाजूला ठेवला आणि तिला म्हटलं, परत सांग.