मामांची गाडी, कुत्र्यांच्या नावाने

दसऱ्याला आमच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीची पूजा करताना मी झेंडूचा भरघोस हार नेमका तिच्या नाकावर चढवला. तिथे सेन्सर असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी पोटासाठी सॉफ्टवेअरच लिहितो. पण हार समोरूनच घालायचा असतो, त्यात इंजिनिअरिंग कुठून आणायचं? चाकांखाली लिंबं ठेवली, ड्राइव्हवेत मित्रमंडळी जमली, मी ऐटीत आत बसलो, आणि गाडी केकाटायला लागली. समोर अडथळा आहे म्हणे. एक इंच पुढे जाईना. लिंबं जशीच्या तशी.

गर्दीतून आवाज आला, "जावईबापू, झाकण नीट बसलंय का बघा. त्याशिवाय मिक्सर चालू होत नाही."

आवाज माझ्या बायकोच्या मामांचा. हसताना एकाच्या हातातला पेढा खाली पडला. त्या दिवसापासून अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसर गावातल्या समस्त मराठी घरांत माझ्या गाडीचं नाव मिक्सर. "मिक्सर चार्ज केला का?" "मिक्सरमध्ये चौघं मावतील ना यार?" कष्टाने घेतलेली माझी पहिली नवी गाडी, आणि तिचं हे बारसं!

मामा म्हणजे रिटायर्ड डॉक्टर, इथे फार आधी आलेले. मी व्हिसावर नवा नवा आलो तेव्हा त्यांनी आपली जुनी गाडी मला देऊन टाकली. लांबलचक, वाइन रंगाची, आत पांढरं लेदर, पुढे क्रोमचं एवढं मोठं ग्रिल. अमेरिकेत श्रीमंतीला जेव्हा लांबी होती, त्या काळातली. कागदोपत्री तेव्हापासून ती माझीच. पण दिलेली वस्तू विसरायची असते, हे मामांना कुणी सांगितलंच नव्हतं. प्रत्येक बारशाला, मुंजीला, गणपतीला ते माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "हे आले तेव्हा पायी हिंडत होते. मी गाडी दिली." शिवाय दर रविवारी तपासणी. डॅशबोर्डवर बोट फिरवायचं आणि धूळ मला दाखवायची. नवी गाडी मी घेतलीच मुळी यासाठी, की एकदा तरी मामांनी म्हणावं, आता हे आपल्या पायावर उभे आहेत. त्यांनी म्हटलं मिक्सर.

हार काढतानाच माझं ठरलं. मामांची ती जुनी गाडी दान करायची.

विकली असती तर मामांनी विकत घेतली असती. भंगारात दिली असती तर गावभर रडले असते. दानाला मात्र कुणी नावं ठेवू शकत नाही. आणि दान कुणाला? तर बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरला. कारण मामा कुत्र्याला घाबरतात. समोरून बोटभर कुत्रं आलं तरी ते रस्ता ओलांडतात आणि पलीकडची झाडं बघायची होती असं सांगतात. आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याने एकदा त्या पांढऱ्या सीटवर पंजा ठेवला, तर त्यांनी मला सीट दोनदा पुसायला लावली होती.

मी शेल्टरला फोन लावला. बायको ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती.

"कुत्र्यांनाच का?" तिने विचारलं.

"सहज. मुकी जनावरं."

"हं," ती म्हणाली आणि देठं मोडत राहिली.

फोनवरच्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, ही देणगी कुणाच्या सन्मानार्थ देताय का? मी एवढा पुढचा विचार केला नव्हता. पण सूड ही अशी गोष्ट आहे की ती डोक्याला धार लावते. मी मामांचं नाव दिलं, पत्ता दिला, डॉक्टर लावायला विसरू नका असंही बजावलं. आभाराच्या कार्डावर कुत्र्याच्या पंजाचा ठसा असतो म्हणे. मी मनातल्या मनात ते पाकीट फोडणारे मामा पाहिले आणि त्या रात्री छान झोपलो.

गाडी न्यायला टो ट्रक आला, तेव्हा डॅशबोर्डवर मामांनी चिकटवलेला पितळी गणपती काढायचा राहिलाय हे लक्षात आलं. उलथनं घालून पाहिलं. उलथनं वाकलं, गणपती हलला नाही. मामांनी लावलेलं काहीच सहजी सुटत नाही. शेवटी त्यालाही नमस्कार करून मी ट्रकमागे हात हलवला.

मग मामांच्या फोनची वाट पाहणं. फोन काही येईना. रविवार आला, मामा आले, जुन्या गाडीच्या रिकाम्या जागेपाशी उभे राहिले. मी पडद्याआडून बघत होतो. आता भडकतील, मग भडकतील!

आत आले ते खिशातून कार्ड काढतच. "जावईबापू, दान आलेल्या गाड्या शेल्टरवाले एरवी विकतात, पण ही विकायची नाही असं त्यांनी ठरवलंय. डिसेंबरातल्या गावच्या परेडमध्ये काढणार आहेत. मला मानाचा पाहुणा म्हणून आत बसायला बोलावलंय. तुम्ही या. मिक्सर घेऊन या."

"मामा, आत कुत्री असतील," मी शेवटचा बाण सोडला.

"असतील ना. त्यांचीच गाडी आहे."

परेडच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. फायर इंजिनं गेली, शाळेचा बँड गेला, आणि मग ती आली. चकचकीत, लांबलचक, डॅशबोर्डवर गणपती. मागच्या पांढऱ्या सीटवर मामा, आणि दोन्ही बाजूंना स्वेटर घातलेली दोन धिप्पाड कुत्री. मामांचा चेहरा खडूसारखा पांढरा. गुडघे घट्ट जुळलेले. मला अगदी गरम चहा प्यायल्यासारखं वाटलं. मग एका कुत्र्याने त्यांच्या कानाला जीभ लावली. मामांनी डोळे मिटले. आणि नेमकं त्याच वेळी माइकवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं, डॉक्टर लावून, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मामांनी डोळे उघडले. लोक बघितले. त्यांचा एक हात वर गेला आणि हलायला लागला. दुसरा हळूहळू कुत्र्याच्या डोक्यावर टेकला.

नंतर कॉफी घेताना ते एका अनोळखी अमेरिकन जोडप्याला माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगत होते, की हा आला तेव्हा पायी हिंडत होता, मी गाडी दिली, आणि बघा, याने ती माझ्या नावाने दान केली. आधी मामांकडे मिरवायला एकच गोष्ट होती. आता मी माझ्याच हाताने दुसरी करून दिली होती, आणि तीही इंग्रजीत.

मामांना घरी आम्हीच सोडलं. वाटेत त्यांनी माझ्या गाडीच्या दारावर टिचकी मारून विचारलं, "आवाज नाही हिला. चालू आहे ना?" त्यांच्या कोटावर कुत्र्याचे केस होते. ते त्यांनी झटकले नव्हते.

ते उतरून आत गेले. बायकोने त्यांच्या घरातला दिवा लागेपर्यंत वाट पाहिली आणि मग माझ्याकडे वळली.

"टाळ्यांवर जगणारा माणूस आहे तो, आणि तू त्याला अख्खं गाव गोळा करून दिलंस," ती म्हणाली. "सूड घ्यायचा होता तर आधी मला विचारायचंस ना रे. माझा सख्खा मामा आहे. लहानपणापासूनचा राग आहे माझा. पुढच्या वेळी दोघं मिळून नीट करू."