शी-काकू आणि माझ्या दशम्या

शी-काकू येताना दिसल्या की आमच्या अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या मराठी मंडळातल्या बायका आधी हात लपवायच्या. कुणी बोट चाटून कागदी प्लेटा सुट्या केल्या, कुणी भाजीतला डाव तसाच कढीत बुडवला, की काकूंची लांबलचक 'शी' आलीच. नागपूरच्या इस्पितळात त्यांनी उभा जन्म नर्स म्हणून काढलेला. रक्त, पू, ओकारी यांचं त्यांना काहीच वाटत नसे. म्हणायच्या, "घाण धुता येते बाई. चोचले नाही धुता येत."

मुलगा इथे गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, म्हणून त्या आलेल्या. फोन उचलताना 'जय भीम' म्हणायच्या आणि रोज सकाळी बेसमेंटमधल्या बुद्धमूर्तीसमोर एकट्याच त्रिशरण म्हणायच्या. वरून नातू विचारायचा, "आजी, आर यू डन?" त्यांची एकच हौस होती. जिथे बुद्ध पिढ्यान्‌पिढ्या घरचा आहे, अशा एखाद्या गावच्या विहारात, म्हाताऱ्या बायकांच्या रांगेत बसून एकदा वंदना म्हणायची. "आम्ही तो भांडून मिळवला," त्या म्हणायच्या. "ज्यांना भांडावं लागलं नाही ते कसे बसतात, ते पाहायचंय."

ट्रिप मी काढली. तेव्हा मी नुकतीच साठीला लागलेली तरुणी होते. गळ्यात स्कार्फ, हातात सेल्फी स्टिक आणि तोंडात सतत 'लिव्हिंग कल्चर'. आज त्या ट्रिपचा व्हिडिओ लावला की मला स्वतःला ओकारी येते. चीनच्या दक्षिण टोकाला दाई नावाच्या जमातीची गावं आहेत, खांबांवर उभी घरं, घरटी बुद्धाची भक्ती. तिथे जायचं मी ठरवलं, आणि आठ जणी निघालो.

पहिलं गाव तिकिटाचं निघालं. वर्षातून एकदा येणारा पाण्याचा सण तिथे रोज दुपारी तीन वाजता यायचा. कंटाळलेल्या पोरी एकसारखे घागरे घालून बादल्या फेकत होत्या आणि मी, प्लॅस्टिकचा रेनकोट चढवून, त्या गढूळ पाण्यात फुगडी घालत होते. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. "रोज संक्रांत केली तर तीळही खवट होतो," एवढंच म्हणाल्या.

काकूंचं उतरलेलं तोंड आमच्या गाइड मुलीने पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी बाकीच्या सहा जणी बाजारात गेल्या, तेव्हा ती आम्हा दोघींना आडबाजूच्या गावात, आपल्या आत्याच्या घरी जेवायला घेऊन गेली. जेवण झालं की आत्या काकूंना विहारात नेणार, बायकांच्या रांगेत बसवणार, असं ठरलं. काकूंनी पांढरी साडी नेसली. जिन्याशी गाइडने बजावलं, चपला खाली काढा आणि झोपायच्या खोलीकडे पाहू नका, इथे ते फार वाईट समजतात.

वर बांबूच्या चटईवर ताटं मांडलेली. आंबवलेला मासा, केळीच्या पानातला भात, तळलेल्या अळ्या. मी स्कार्फ नाकाला लावला. मग पिशवीतून डबा काढला, चटईवर वर्तमानपत्र पसरलं आणि घरून आणलेल्या गुळाच्या दशम्या मांडल्या. सात दिवसांच्या दशम्या. कडेने हिरवट बुरशी धरलेली, आंबूस वास सुटलेला. तो वास मला येत नव्हता, माशाचा येत होता. वर मी गाइडला विचारलं, भाताचं भांडं निराळं होतं ना गं? आणि एवढ्यावर न थांबता फोन घेऊन उठले, खोलीचा पडदा सारला आणि आतल्या गाद्या शूट केल्या.

आत्याने येऊन पडदा ओढून घेतला. माझा डबा पाहिला, माझं नाक पाहिलं. दुभाषी लागली नाही. विहार आज बंद आहे, असं ती म्हणाल्याचं गाइडने मान खाली घालून सांगितलं.

काकूंनी ताटातलं सगळं संपवलं होतं. शेवटची अळीसुद्धा. त्या माझ्याकडे वळल्या, आणि त्या दिवशी 'शी' म्हणाल्या नाहीत.

"शाळेत असताना माझ्या आईनं एकदा माझ्या मैत्रिणींना जेवायला बोलावलं होतं," त्या म्हणाल्या. "तिघी आल्या. तिघीही आपापला डबा घेऊन."

मग पदर खोचून त्या उठल्या आणि आत्याच्या शेजारी उकिडव्या बसून भांडी घासायला लागल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. शेवटचं ताट धुऊन झालं तेव्हा आत्याने त्यांचे हात स्वतःच्या लुंगीला पुसले आणि त्यांना हाताला धरून जिना उतरवला. मी मागोमाग निघाले, तर आत्याने नुसता तळवा दाखवला.

दोन तास मी त्या घराखाली, कोंबड्या आणि मोटारसायकलींमध्ये बसून होते. दशम्या कोंबड्यांना टाकल्या. त्यांनीही चोच लावून सोडून दिल्या.

काकू परतल्या तेव्हा मनगटाला पांढरा दोरा होता आणि डोळे सुजलेले. काय झालं, कशी झाली वंदना, मी विचारतच राहिले. विमानात विचारलं, नोव्हायला विचारलं. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या, त्याच्या चार दिवस आधी त्यांना भरवायला गेले होते, तेव्हाही विचारलं. माझ्या हातची खिचडी त्यांनी सावकाश गिळली, ओठ पुसले आणि हसल्या.

"ते जेवलेल्यांचं होतं गं," म्हणाल्या. "दे, आणखी एक घास दे."